सशाच्या कंपनीचा माणूस

नासिर,

तुला माती देऊन आम्ही कब्रस्तानाच्या फाटकाबाहेर आलो, तेव्हा माझ्याच गल्लीतला एक जण मोटारसायकल थांबवून विचारत होता, "कोनाची मयत होय?"

"नासिर मिस्त्री," कोणीतरी सांगितलं.

"कोन नासिर?"

सांगणाऱ्यानं आवाज जरा खाली घेतला. "अळीवाला."

"अरारा. अळीवाला गेला का? भला मानूस होता बाप्पा." गाडीवर बसल्या बसल्याच त्यानं हात जोडले आणि वावराकडं निघून गेला.

त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. आपल्याकडं प्रत्येकाला मागं काहीतरी लागलेलं असतं. मी कृषी केंद्रवाला, तू अळीवाला. हे नाव कशावरून पडलं हे आता निम्म्या गावाला आठवतही नसेल. मला आठवतं. ते एका खोट्या वाक्यातून जन्माला आलं आणि ते वाक्य माझं होतं. हाताला तुझ्या कबरीची माती लागलेली असताना मी ते नाव ऐकलं आणि तेव्हाही गप्प राहिलो.

ते नाव तुझ्यावरून उतरवायचं, एवढ्यासाठी लिहायला बसलो आहे. पण एकदम तिथं पोचणं मला जमणार नाही. तू ओळखतोस मला. "पक्याच्या तोंडाले बूच हाये, औषधाच्या डब्याहून पक्कं," असं तूच म्हणायचास. तेव्हा जरा लांबून येऊ दे. सशापासून येतो.

आपण नववीत होतो. तुझे मामू सौदीहून आले आणि घरभर अत्तर, खजूर, ब्लँकेटं वाटून झाल्यावर त्यांनी तुझ्या हातात एक पांढरा खोका ठेवला. वर पळणारा ससा, एक कान मुडपलेला, बाकी सगळी जपानी अक्षरं. टीव्हीला जोडायचा गेम. तिकडच्या दुकानदारानं मामूंना सांगितलं होतं म्हणे की मोठ्या कंपनीची मशीन सगळेच घेतात, पण पुढं चालणार ती हीच. न खपलेला माल कसा खपवतात हे मला पुढं स्वतः दुकानदार झाल्यावर कळलं. मामू भोळे, त्यांना वाटलं आपल्याला आतली बातमी मिळाली.

तू पिन खोचलीस, बटण दाबलंस आणि फट्‌ झालं. मामू राहायचे तिथली लाइन कमी दाबाची, आपली जास्तीची. अडॅप्टर जळाला. जळक्या वार्निशचा वास पार ओसरीपर्यंत आला. तुझी अम्मी चुलीपासून ओरडली, "मेला का ससा?" मामूंना तोंड कुठं लपवावं कळेना.

दुसऱ्या दिवशी तू तो अडॅप्टर खिशात घालून शेगावला, विहिरीवरच्या जळक्या मोटारींत नवी तार भरणाऱ्या एका मिस्त्रीकडं गेलास. त्यानं आधी हाकललं, मग झाडायला लावलं, मग बसू दिलं. अख्खा उन्हाळा तू तिथं तांब्याची तार गुंडाळत काढलास आणि पावसाळ्याच्या तोंडाशी ससा चालू झाला. पुढं तालुक्यातल्या कितीतरी विहिरींवरच्या मोटारी तू भरल्यास. लोकांना वाटायचं, नासिर धंदा म्हणून हे शिकला. धंदा नंतर आला. आधी तुला फक्त ससा पळवायचा होता.

बाकी पोरांकडं मोठ्या कंपनीच्या मशीन आल्या, बहुतेक नकलीच. पण त्यांच्या कॅसेटी एकमेकांना चालायच्या, या घरातून त्या घरात फिरायच्या. आपल्या सशाच्या कॅसेटचं तोंडच वेगळं. खोक्यात आल्या तेवढ्या दोन, त्यावर आपण तरुण झालो. शाळेत पोरं चिडवायची, "काऊन बे नासिर, तुह्या सशाले पिलं होत नाहीत का?"

"होतीन ना," तू म्हणायचास. "लगन उशिरा झालं त्याचं."

त्या दोनांतली एक मोटारींच्या शर्यतीची, तिचा कंटाळा आला. दुसरी डोंगराची. दोन माणसं डोंगर चढतात, एक टोपीवाला, एक बोडका. त्यांची खरी नावं जपानीत लिहिलेली, म्हणून नावं आपणच ठेवली. त्या गेमची एक खोड होती. एकटा कितीही पुढं पळाला तरी पडदा सरकायचा नाही. दुसरा मागून येऊन टेकला की मगच पुढचा डोंगर दिसायचा. मी टोपीवाल्याला घेऊन कडेपर्यंत धावायचो आणि तिथं उड्या मारत बसायचो. तू मागून ओरडायचास, "अबे थांब ना, मले येऊ दे!"

एक नंबरच्या रिमोटवर 'सुरू'चं बटण होतं, दोन नंबरच्या रिमोटवर ते नव्हतंच. मशीन तुझी, तेव्हा एक नंबर तुझा असायला हवा होता. पण पहिल्याच दिवशी तू तो माझ्या हातात दिलास. "तू मेहमान हायेस. सुरू करायचा हक मेहमानाचा." नंतर मी तुझ्या घरी इतका यायला लागलो की अम्मी मला विचारल्याशिवाय ताट वाढायची, तरी तू तो नियम मोडला नाहीस. दर इतवारी मांडी घालून बसायचास, दोन नंबर हातात घ्यायचास आणि म्हणायचास, "कर सुरू."

शेवटच्या डोंगराच्या माथ्यावर एक भिंत होती. दोघांनी एकाच क्षणी ढकलली तरच पडणारी. ती आपल्याच्यानं कधी पडली नाही. कधी मी घाई केली, कधी लाइन गेली. भिंतीपलीकडं काय असेल यावर आपण कितीदा भांडलो. मी म्हणायचो, काही नसेल, 'समाप्त' लिहिलेलं असेल. तू म्हणायचास, तिकडं त्यांचं घर हाये. आता सांगतो, तुझं ऐकायला मला बरं वाटायचं, म्हणून मी उलटं बोलायचो.

शाळा सुटली, तू मोटारींच्या दुकानात बसलास, मी बसस्टँडसमोर बियाणं-खतांचं दुकान टाकलं. रस्त्याच्या अलीकडं मी, पलीकडं तू. सशाचा नाद तुझा सुटेल असं सगळ्यांना वाटलं होतं. तो वाढला. शेगावच्या स्टॉलवरून इंग्रजी मासिकं आणून शब्दकोशावरून लावायचास, पुढं खामगावला इंटरनेटवर बसायचास. कंपनीनं नवी मशीन काढली की तू दुपारी रस्ता ओलांडून यायचास. "पक्या, सशानं नवी काढली बे. या टायमाले पाह्यजो." ती मशीन तुला कधी हातात मिळणार नव्हती, आपल्या देशात ती यायचीही नाही. तरी तू असा हरखून सांगायचास, जशी घरात म्हैस व्याली. आणि दर वेळी ती कंपनी हरायची.

"हरणाऱ्याच्या मांगं कायले लागतं तू?" मी म्हणायचो. "जगभरचे लोकं येडे हायेत का?"

"लोकं येडे नाहीत. लोकं रांगेत हायेत. रांग पाह्यली का मानूस लागते."

"आन तू?"

"त्यायनं चांगलं बनवलं ना बे. चांगलं बनवून हरला तर त्याच्यापाशी कोनी तं उभं राह्यलं पाह्यजे."

मला ते पटायचं नाही. दुकानदार रांगेवरच जगतो.

आणि मग खरंच रांगा आल्या. बीटी कापसाच्या पहिल्या वर्षांत माझ्या दुकानापुढं चपलांची ओळ लागायची, माणसं झाडाखाली आणि चपला रांगेत. एकाच कंपनीचं एकच वाण सगळ्यांना हवं. बाजूला दुसरी पाकिटं पडून असायची, त्यांना कोणी हात लावायचं नाही. तू पलीकडून बघून हसायचास. "काय बे, मोठ्या कंपनीची कॅसेट आली वाटते!"

त्या बियाण्याच्या डब्यात आणखी एक छोटं पाकीट यायचं. साध्या कापसाचं, बिनबीटीचं. वावराच्या बांधालगत, धुऱ्याच्या कडेनं त्याचे तास, म्हणजे ओळी, पेरायचे असा नियम. आता हे कशासाठी, ते मला माहीत होतं. खामगावच्या हॉटेलात आम्हा दुकानदारांची बैठक झाली होती, तिथं एका साहेबांनी नीट समजावलं होतं. बीटी खाऊन एखादी अळी जगतेच. तिचं पाखरू झालं की त्याला जोडीला साधं पाखरू मिळालं पाहिजे, म्हणजे पुढची पिल्लं बीटीला दाद न देणारी निपजत नाहीत. त्यासाठी साध्या अळीलाही कुठंतरी खायला ठेवायचं. मी ते ऐकलं, जेवलो, पिशवी मिळाली ती घेतली आणि घरी आलो. आणि गिऱ्हाइकांना सांगत राहिलो, "ते छोटं पाकीट द्या फेकून, उगीच जागा खाते." कोणाला वाटतं आपल्या वावरात अळीसाठी पेरावं? फेकून द्या म्हटलं की लोक खूश व्हायचे. दुकानामागं त्या पाकिटांचा ढीग साचायचा.

अख्ख्या शिवारात तू एकटाच ते पेरायचास. तुझं वावर ते केवढं, त्यातही कडेनं साध्या कापसाचे तास. मी म्हटलं, "कायले जागा वाया घालवतं बे?"

तुला पाखरांच्या लग्नाचं काही ठाऊक नव्हतं. मी सांगितलं नव्हतं. तू माझ्याकडं असं पाहिलंस जसं मीच काही वेड्यासारखं बोललो. "खोक्यात दोन रिमोट येतात. एक फेकून देते का कोनी?"

एवढंच. त्यावर मी हसलो होतो.

मग एका सकाळी तुझ्या दुकानाचं शटर खाली. त्यावर खडूनं लिहिलेलं, "दुःखद निधनामुळे दुकान बंद." मी धावत तुझ्या घरी आलो, तर तू ओसरीवर बसलेला. माझ्या मागोमाग शेजारचे म्हातारे तात्या डोक्याला रुमाल बांधून आले, तुझ्या बाजूला टेकले, पाठीवर हात ठेवला. "कोन गेलं रे बाप्पा?"

"कंपनी गेली तात्या. जपानची."

"तुह्या मामूची का?"

"नाही. माहीच."

तात्यांनी माझ्याकडं पाहिलं, मी खाली पाहिलं. ते तरी बिचारे चहा होईपर्यंत बसून राहिले, मयतीत बसतात तसे. सशाच्या कंपनीनं मशीन बनवणं सोडलं होतं. इथून पुढं ती फक्त गेम बनवणार आणि तेही दुसऱ्यांच्या मशीनसाठी, ज्यांनी तिला हरवलं त्यांच्याचसाठी. मी चिडवायला म्हणालो, "झाला ना तुह्या सशाचा गडी? आता मालकाच्या वावरात राबून राह्यला."

तू रागावशील असं वाटलं होतं. तू म्हणालास, "वावर गेलं तर मानसानं मजुरी करू नये का? पेरनं तं नाही सोडलं ना त्यानं." मग म्हणालास, "आपली मशीन घरी हाये. तिले आता आपल्याबिगर कोनी नाही."

त्यानंतरची एक गोष्ट तुला कधी बोललो नाही. माझ्या पोरासाठी मी अकोल्याहून मोठ्या कंपनीची मशीन आणली आणि तू घरी आलास की तिच्यावर टॉवेल टाकायचो. एकदा टॉवेल सरकलेला होता. तू पाहिलंस. निघताना पोराला विचारलंस, "बरी चालते का रे?" सोयरिकीतल्या माणसाची खुशाली विचारावी तसं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे सांगतो कारण तुझ्या लक्षात यावं की लपवायची सवय मला टॉवेलापासूनच आहे.

आता ती दुपार.

त्या वर्षी हिरवंगार बोंड फोडावं तर आत गुलाबी अळी. वरून कापसाची पऱ्हाटी झकास, आत सगळी किडकी कवडी. शिवारच्या शिवार तसं. बीटीला अळी लागत नाही असं सांगून आम्ही विकलेलं बियाणं. लोक दुकानापुढं जमले. सगळे ओळखीचे, माझ्या लग्नात जेवलेले. एकानं फोडलेलं बोंड माझ्या नाकाखाली धरलं. "हे पाह्य. हे इकलं तू आमाले."

मी कंपनीला फोन करतो म्हणालो. ते हसले. मागून कोणीतरी म्हणालं, "ओढा याले बाहीर." मला अजून वाटतं, कोणी हात लावला नसता. मार खाल्ला असता तरी चाललं असतं. पण भीतीनं माझी नजर इकडंतिकडं पळाली आणि रस्त्याच्या पलीकडं गेली. तू दुकानात मोटारीवर वाकला होतास, तोंडात तारेचं टोक धरलेलं.

आणि मी म्हणालो, "अळी बियाण्यात नाही. ज्यानं धुऱ्यावर बिनबीटी लावली, त्याच्या वावरातून उडाली ते. जाऊन पाह्यून या."

तुझं नाव मी घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती.

साध्या कापसावर अळी असणारच. ती तिथं असावी म्हणूनच तर तो लावायचा. ते जाऊन पाहून आले आणि त्यांची खात्री पटली. ज्या तासांनी शिवार वाचलं असतं, सगळ्यांनी लावले असते तर, ते तास त्यांनी उपटून धुऱ्यावर ढीग घातला. मी दुकानात बसून होतो. गर्दी माझ्यापुढून हटली होती. मला हायसं वाटलं, नासिर. त्या हायसं वाटण्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. भीती माणसाला वाटते. पण नंतर मी पाणी प्यालो आणि ते गोड लागलं.

संध्याकाळी तू वावरातून आलास तेव्हा तुझे हात पऱ्हाटीच्या रसानं हिरवे होते. उपटलेली झाडं पुन्हा लावून पाहिली होतीस, असं मला नंतर तुझ्या बायकोनं, शमीमवहिनींनी, सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तू रस्ता ओलांडून माझ्या दुकानात आलास. बाकड्यावर बसलास, चहा सांगितलास. मी खोके इकडचे तिकडं करत होतो.

"पक्या, आज इतवार हाये. येतो का? भिंतीपावतर तरी जाऊ."

"हंगाम हाये बे."

"कापूस तं अळीनं खाल्ला. हंगाम कायचा?" तू हसलास. मी मान वर केली नाही. तू चहा संपवलास, कप बाकड्याखाली सरकवलास आणि उठलास. "बरं. तू सुरू करशीन तवा."

त्यानंतर मी तुझ्या घरी खेळायला कधीच आलो नाही.

वर्षानुवर्षं मी स्वतःची समजूत घातली की तुला कोणी सांगितलं नसेल. सगळ्या गावाला माहीत आणि तुला माहीत नाही, असं कधी होतं का? लोकांनी तुझ्याकडं मोटारी आणणं कमी केलं, मग बंद. तू दुकान संग्रामपूरला नेलंस. मी विचारलं, तर म्हणालास, "तिथं लाइन बरी राहते." दोन्ही गावांत लाइन एकाच वेळी जाते हे तुलाही ठाऊक आणि मलाही. मी म्हणालो, "हाव, ते बी खरं."

आणि नाव चिकटलं. तुझी पोरगी सना हायस्कुलात जायला लागली तेव्हा मी एकदा बसस्टँडवर ऐकलं, दोन पोरी तिच्या मागून चालल्या होत्या आणि एक दुसरीला सांगत होती, "ते अळीवाल्याची सना." सनानं मागं वळून पाहिलं नाही. दप्तराचा पट्टा दोन्ही हातांनी धरून ती सरळ चालत राहिली. मी दुकानाच्या पायरीवर उभा होतो. तिनं मला "सलाम चाचा" म्हटलं. मी म्हटलं, "जा बाळ, ऊन हाये."

आपण भेटत राहिलो. बाजारात, लग्नात, रस्त्यात. तू सशाच्या बातम्या सांगायचास, जुन्या मशीनला पुन्हा मागणी आली, परदेशात लोक त्या शोधतात. मी ऐकायचो. एकदा मी तुला सांगितलं की आता बिनबीटीचं वेगळं पाकीट येतच नाही, कंपन्या ते आतच मिसळून देतात. तू म्हणालास, "बरं केलं. आता फेकता येनार नाही कोनाले." मी चेहरा बघितला. काही टोमणा होता का, अजून ठरवता आलेलं नाही. तुझ्यात टोमणा नव्हताच बहुतेक. असता तर मला बरं वाटलं असतं.

आणि अकोल्याचा दवाखाना. तुझी छाती कफानं भरली होती, बोलणं तुटक झालं होतं. शमीमवहिनी औषधं आणायला खाली गेल्या होत्या. तू माझ्याकडं पाहिलंस. मग म्हणालास, "कर ना बे सुरू."

भिंतीवर टीव्ही होता. मी लगबगीनं उठलो, सिस्टरला विचारलं, "रिमोट कुठी हाये हो?" तिनं दिला. मी टीव्ही लावला. कुठलीशी मालिका चालू झाली. तू डोळे मिटलेस, तोंडावर हसू होतं की दम होता, माहीत नाही.

मला कळलं नाही असं आजपर्यंत घरी सांगत आलो. तुला खोटं सांगत नाही. मला कळलं होतं. तू टीव्हीबद्दल बोलत नव्हतास हे मला उठायच्या आधीच कळलं होतं. बटण माझ्याच हातात होतं. पहिल्या दिवशी तूच दिलेलं. तू दोन नंबर घेऊन एवढी वर्षं बसून राहिलास, आणि मी मालिका लावली.

परवा तुझ्या घरी गेलो होतो. दुपारची वेळ. सना शिकायला असते तिथून आली होती, आत झोपलेली. वहिनी बाहेरच्या खोलीत तांदूळ निवडत होत्या. मी नुसता बसून राहिलो, तेव्हा त्यांनीच उठून तो पांढरा खोका आणला. ससा पार फिकटला आहे, कान तेवढा दिसतो. "त्याईनं मागच्याच महिन्यात तार बदलली व्हती," म्हणाल्या. "तुमी पाह्यता का चालू होते का?"

झाली, नासिर. पहिल्या झटक्यात झाली. तुझा हात तो.

मी एक नंबर हातात घेतला आणि सुरू केलं. दोन माणसं डोंगराच्या पायथ्याशी येऊन उभी राहिली. मी टोपीवाल्याला चालवत नेलं, पार कडेपर्यंत. पडदा सरकेना. बोडका मागं, जिथं सुरुवातीला उभा होता तिथंच, हात खाली सोडून. दुसरा रिमोट चटईवर पडलेला. मला वाटलं उचलावा, एका हातात एक, एका हातात एक. हिंमत झाली नाही. टोपीवाला कडेला उभा, मी बसलेला. त्या खोलीत तांदळाचा आवाज होता फक्त.

मग मी वहिनींना सगळं सांगितलं. ती दुपार, ते वाक्य, खामगावची बैठक, दवाखान्यातला टीव्ही. त्यांची बोटं ताटात चालत राहिली. माझं झालं तेव्हा त्यांनी एक खडा उचलून बाजूला टाकला आणि म्हणाल्या, "मले काऊन सांगता भाऊ? त्याईले मालूम व्हतं. मले मालूम हाये. ज्याईले मालूम नाही त्याईले सांगा ना."

रडल्या नाहीत. माफ केलं असंही म्हणाल्या नाहीत. मी उठलो तेव्हा फक्त एवढं बोलल्या, "सनाले पाहाले येऊन राह्यले लोकं पुढच्या महिन्यात. तिकडं बी तेच नाव पोचलं हाये."

म्हणून हे तालुक्याच्या साप्ताहिकात छापायला देतो आहे. बसस्टँडवर, चहाच्या टपरीवर, कटिंगच्या दुकानात ते वाचलं जातं. ज्यांनी त्या दुपारी माझ्या दुकानापुढं उभं राहून माझं ऐकलं, त्यांना सांगतो. नासिरच्या वावरातून अळी आली नाही. त्याचे तास बरोबर होते, चुकले ते आपण, आणि मला हे तेव्हाच माहीत होतं. मी भ्यालो आणि त्याच्याकडं बोट केलं. कोणाला अळीवाला म्हणायचंच असेल तर माझं दुकान बसस्टँडसमोर आहे, मी तिथंच बसतो.

उद्या लोक काय म्हणतील, दुकानात येतील की नाही, ठाऊक नाही. येऊ नयेत असं वाटत नाही, खोटं कशाला बोलू. पण आता इथं पलीकडं बघितलं तर तुझं जुनं दुकान दिसतं, त्यात मोबाइलवाला बसतो. तू रस्ता ओलांडून येणार नाहीस. सशाची काही बातमी असेल तर ती मला कोणी सांगणार नाही, आणि मला इंग्रजी येत नाही.

भिंतीपलीकडं त्यांचं घर आहे, हे तुझं खरं धरून चालतो. मी कडेला उभा आहे. पडदा सरकत नाही.

तरी सुरू केलं बे, नासिर.